तुमच्यासाठी

गेल्या वर्षी लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाच्या, दुसऱ्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, माझ्या तोंडून एक मराठी वाक्य निसटले. आमच्या लुथरन मंडळीत पाळकांच्या बरोबरीने द्राक्षारसाचा प्याला धरण्याची सेवा सभासदांकडे पाळीपाळीने येते आणि त्या दिवशी ती माझ्याकडे होती. वेदीपुढच्या अर्धगोल लाकडी कठड्याशी लोक गुडघे टेकतात, पाळकबाई प्रत्येकाच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवीत पुढे सरकतात आणि त्यांच्यामागून दोन पावलांवर प्याला धरणाऱ्याने जायचे असते. प्याला ओठांशी न्यायचा, एक वाक्य म्हणायचे, पांढऱ्या कापडाने कड पुसायची, प्याला किंचित फिरवायचा आणि पुढच्या माणसापाशी थांबायचे. कठड्याच्या डाव्या टोकाला पंचाऐंशी वर्षांच्या एक बाई उभ्या होत्या; गुडघे वाकत नाहीत म्हणून त्या कठड्याला धरून उभ्याच असतात. येथे सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, परंतु एवढ्या वयाच्या बाईंना नुसत्या नावाने हाक मारणे मला आजही जड जाते, म्हणून मनातल्या मनात मी त्यांना आजीच म्हणते. मी त्यांच्यापुढे प्याला धरला आणि म्हणाले, “ख्रिस्ताचे रक्त, तुमच्यासाठी ओतलेले.” सबंध वाक्य, स्वच्छ मराठीत, अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातल्या त्या देवळात, जेथे माझ्याखेरीज मराठी जाणणारे कोणीही नव्हते. आजींनी दोन्ही हातांनी प्याल्याचा तळ धरला, घोट घेतला, “आमेन” म्हणाल्या आणि मान लववून निघून गेल्या. पुढच्या माणसापाशी पोहोचले तेव्हा माझी इंग्रजी परत आलेली होती.

उपासना संपल्यावर आम्ही सगळे तळघरातल्या दालनात कॉफीसाठी उतरलो. ही कॉफी म्हणजे जवळजवळ उपासनेचा शेवटचा भागच असतो. मोठ्या चकचकीत भांड्याची तोटी, पातळ तपकिरी कॉफी, मेणकापडाने झाकलेली लांब टेबले, कोणीतरी घरून भाजून आणलेल्या चौकोनी गोड वड्या, ओल्या लोकरीच्या कोटांचा वास. साठ-सत्तर माणसे होती. त्यांतल्या निदान आठ-दहा जणांनी ते वाक्य ऐकले असणार. कोणीही काही बोलले नाही. आजी हवामानाविषयी बोलल्या, पाळकबाईंनी माझ्या मुलाच्या परीक्षेची चौकशी केली, एका गृहस्थांनी माझ्या गाडीचे टायर बर्फाला योग्य आहेत का हे विचारले. मी त्या मौनाकडे पाहत घरी आले आणि रात्रीपर्यंत ते मला टोचत राहिले. मिनेसोटाची माणसे अतिशय सौजन्यशील आहेत, परंतु सौजन्य आणि अनास्था यांच्या मधली भिंत कधीकधी इतकी पातळ असते, की आपण नेमके कोणत्या बाजूला उभे आहोत हे परक्या माणसाला कळत नाही. बारा वर्षे मी या मंडळीत आहे. माझ्या भाषेतले पहिलेच वाक्य त्या छताखाली उच्चारले गेले आणि ते कोणाला ऐकूच आले नाही, असे मला वाटले.

दुसरी गोष्ट अधिक खोल होती. तो शब्द निसटला का, याचे उत्तर मला ठाऊक होते. पहिल्यांदा प्याला हाती आला त्या दिवसापासून ‘फॉर यू’ म्हणताना माझे मन अडखळत असे. इंग्रजीला तेथे काहीच निवडावे लागत नाही. मला मात्र प्रत्येक चेहऱ्यापाशी निवडावे लागते: सहा वर्षांच्या मुलापुढे ‘तुझ्यासाठी’, त्याच्या आजोबांपुढे ‘तुमच्यासाठी’, माझ्याच वयाच्या मैत्रिणीपुढे पुन्हा ‘तुझ्यासाठी’. ओठांवर इंग्रजी आणि आत हा हिशेब. नगरला, जेथे मी वाढले, हा प्रश्न कधी पडला नव्हता, कारण तेथे पाळक वेदीपाशी उभे राहून शास्त्रातलेच शब्द सगळ्यांसाठी एकदाच म्हणत, “हे माझे शरीर आहे, ते तुमच्यासाठी दिले जात आहे,” आणि मग बाकांवरून लहान लहान पेल्यांचे तबक फिरे. त्या पेल्यांत काळ्या मनुका रात्रभर भिजवून, कुस्करून, गाळून काढलेला रस असे. शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात तो वास भरून राही आणि हात लावण्याची परवानगी नसे.

आमचे घराणे लुथरन नव्हे. बोस्टनहून आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला काम सुरू केले आणि त्या कामातून उभ्या राहिलेल्या मंडळ्यांत माझी पणजी बाप्तिस्मा घेऊन आली. ती गोदाकाठच्या एका गावाची, गावकुसाबाहेरच्या वस्तीतली. तिच्या लहानपणी विहिरीवर जाऊन पाणी काढण्याची मुभा नव्हती. कोणी सवर्ण बाई येईपर्यंत थांबायचे आणि मग ओंजळ पुढे करायची. ती बाई वरून पाणी ओतायची, हंड्याचा स्पर्श होऊ नये एवढे अंतर राखून. पणजीला मी पाहिलेले नाही, परंतु माझी सख्खी आजी ही गोष्ट सांगताना स्वतःची ओंजळ पुढे करून दाखवी, कोपर उचलून, मान खाली घालून. मिशनच्या देवळात पणजीने पहिले प्रभुभोजन घेतले तेव्हा पेले नव्हते, एकच प्याला होता आणि त्यालाच ओठ लावून सगळ्यांनी प्यायचे होते. तिच्या आधी प्यायलेला माणूस ब्राह्मण घराण्यातून ख्रिस्ती झालेला होता, असे आजी सांगे. पणजीने प्याला घेतला आणि तिला पिताच येईना. तिने सवयीने ओंजळ पुढे केली. तेव्हा पाळकांनी तिची ओंजळ हलकेच मिटवली आणि प्याला तिच्या ओठांना लावला. ‘ओतलेले’ हा शब्द माझ्या घरात असा आलेला आहे. तो इंग्रजीतून आलेला नाही, म्हणूनच इंग्रजीत तो माझ्या ओठांवर नीट बसत नसावा.

हे सगळे मी बारा वर्षांत कोणालाही सांगितले नव्हते.

लेंटमध्ये दर बुधवारी संध्याकाळी मंडळी एकत्र जमते. या भागात बुधवार हा चर्चचाच दिवस मानण्याची जुनी रीत आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मोठे होऊन आपला विश्वास जाहीरपणे मान्य करण्याच्या विधीच्या, वर्गाची मुलेही त्याच दिवशी येतात. आधी सूप आणि पाव, मग अभ्यास, मग मेणबत्त्यांच्या उजेडात गायलेली संध्याप्रार्थना. सूप आळीपाळीने घराघरांतून येते. येथल्या सरोवरांत उगवणाऱ्या काळ्या, लांब, रानटी तांदळाचे साईचे सूप मला सर्वांत प्रिय आहे, कारण त्याला ओल्या गवताचा वास असतो. त्या वर्षी अभ्यासाला मार्टिन ल्यूथरची, ज्याच्या नावाने लुथरन ओळखले जातात त्या जर्मन धर्मसुधारकाची, लहान प्रश्नोत्तरावली होती. 1528 मध्ये सॅक्सनीतल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांना, आणि कित्येक पाळकांनाही, प्रभूची प्रार्थनासुद्धा नीट येत नाही हे पाहून तो अस्वस्थ झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने ही छोटी पुस्तिका लिहिली, घरातल्या कर्त्या माणसाने मुलांना आणि गडीमाणसांना जेवणाच्या टेबलाशी शिकवता यावी अशी. तिच्यात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: याचा अर्थ काय? आज्ञा म्हणायची आणि विचारायचे, याचा अर्थ काय. प्रार्थनेतले एक वाक्य म्हणायचे आणि पुन्हा तेच. माझ्या शेजारी बसलेल्या आठवीतल्या मुलाने हा प्रश्न इतक्या वेळा ऐकलेला होता, की पाळकबाईंनी तोंड उघडण्याआधीच तो ते शब्द पुटपुटत असे.

शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा मी नगरच्या रविवारच्या शाळेत नववी म्हणून पाठ केली होती. लुथरन मोजणीत ती आठवी येते, कारण ते पहिल्या दोन एकत्र धरतात आणि शेवटची विभागतात. परंतु क्रमांकापेक्षा अर्थाने मला थांबवले. खोटे बोलू नये, पाठीमागे निंदा करू नये, एवढ्यावर ल्यूथर थांबत नाही. शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे आणि त्याने जे केले त्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा, असे तो सांगतो. चांगला अर्थ लावणे हेसुद्धा आज्ञापालन आहे, हे मला कोणी शिकवले नव्हते. मी टेबलापलीकडे पाहिले. आजी चष्मा पुसत होत्या. त्यांच्या मौनाचा मी दहा दिवसांत एकच अर्थ लावलेला होता, आणि तो चांगला नव्हता.

पुढच्या बुधवारी रोजच्या भाकरीची पाळी आली. रोजची भाकर म्हणजे काय, या प्रश्नाला ल्यूथरने दिलेले उत्तर ही एक लांबलचक यादी आहे आणि ती मोठ्याने वाचली की खोलीतले वातावरणच बदलते: अन्न, पाणी, वस्त्र, जोडे, घर, अंगण, शेत, गुरे, पैसा, धर्मशील जोडीदार, धर्मशील मुले, भले राज्यकर्ते, चांगले हवामान, शांती, आरोग्य, शिस्त, मान, भले मित्र, विश्वासू शेजारी. निवृत्त झालेले एक शेतकरी ‘चांगले हवामान’ या शब्दांवर मान हलवून हसले. तेव्हा मी प्रथमच आपण होऊन बोलले. माझ्या भाषेत येथे ब्रेड नाही, भाकर आहे, असे मी सांगितले. ती ज्वारीची किंवा बाजरीची असते, लाटत नाहीत, परातीत पाण्याच्या हाताने थापतात, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवतात आणि मग निखाऱ्यांवर फुगवतात. आणि माझा जिल्हा दुष्काळी आहे, म्हणून आमच्याकडे ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ हे वाक्य म्हणजे पावसाची प्रार्थना असते. 1972 च्या दुष्काळात माझी आजी रोजगाराच्या कामावर खडी फोडायला जात होती आणि मुलांना सुकडी मिळे, तीच त्या वर्षीची भाकर. बोलून झाल्यावर त्या शेतकऱ्यांनी सुकडी कशाची करतात हे विचारले. मग खडी फोडणाऱ्या बायकांना मजुरी किती मिळे, ती धान्यात मिळे की पैशांत, हेही विचारले. मला सगळी उत्तरे ठाऊक नव्हती, आणि आजीला कधी नीट विचारले नाही याची लाज वाटली.

त्याच महिन्यात आम्ही प्रभुभोजनाच्या प्रकरणापर्यंत आलो. पाळकबाईंनी फळ्यावर मूळ जर्मन शब्द लिहिले, ‘फ्युर ऑइख’. तुमच्यासाठी. ल्यूथर या दोन शब्दांवर विलक्षण भर देतो. नुसते खाणेपिणे काही करीत नाही, हे शब्द विश्वासाने ऐकणारे अंतःकरण हवे, असे त्याचे म्हणणे आहे. पाळकबाई म्हणाल्या, की इंग्रजीत आपण हे ऐकतो तेव्हा प्रत्येकाला ते एकट्यासाठी वाटते, परंतु जर्मनमध्ये ते अनेकवचन आहे, आणि मूळ ग्रीकमध्येही. मी वहीत मराठी शब्द लिहिला आणि त्याच्याखाली रेघ ओढली.

रेघ ओढली, तरी माझा अडखळा संपला नाही.

कारण त्या कठड्याशी माणसे एकेकटीच येतात. घटस्फोटाच्या आठवड्यात आलेली बाई, नोकरी गेलेला मुलगा, मुलाशी वर्षभर न बोललेले वडील. प्याला खाली करताना मला त्यांचे तळहात दिसतात, नखांतली माती दिसते, अंगठी काढल्यावर राहिलेला पांढरा पट्टा दिसतो. तेथे अनेकवचन पुरत नाही. त्यांतल्या एकेकाला ‘तुझ्यासाठी’ ऐकण्याची गरज असते, हे मी पाहिलेले आहे. आणि तरीही, पणजीच्या बाबतीत ‘तुझ्यासाठी’ हा शब्द पुरला नसता. तिला आयुष्यभर वेगळेच काढून दिले जात होते. तिच्यासाठी वेगळे ओतलेले पाणी तिने पुष्कळ प्यायले होते.

मग ईस्टरआधीचा पुण्यसप्ताह आला. लेंट सुरू होण्याआधी मुलांनी कागदावर रंगवून पेटीत बंद केलेला ‘हालेलुया’ चाळीस दिवस कोणी उच्चारत नाही, आणि मला त्या न गायलेल्या शब्दाची उणीव खरोखर शारीरिक भुकेसारखी जाणवते. गुरुवारी रात्री बाविसावे स्तोत्र वाचले जात असताना वेदीवरचे एकेक वस्त्र, मेणबत्त्या, ग्रंथ, फुलदाण्या उचलून नेतात आणि शेवटी नुसते लाकूड उरते. त्या उघड्या लाकडाकडे पाहत सगळे न बोलता घरी जातात. शनिवारी रात्री अंगणात, बहुधा उरलेल्या बर्फातच, विस्तव पेटवतात. ईस्टरला पेटी उघडते, लिलींचा वास डोके भणाणून टाकतो, आणि वर्षभर न दिसणारी माणसे नातवंडांना घेऊन येतात. नंतरचा पन्नासाव्या दिवसाचा, वेदीवर लाल वस्त्र असणारा रविवार आणि त्यापुढचा जवळजवळ सहा महिन्यांचा हिरव्या वस्त्राचा काळ भरभर निघून जातो. उन्हाळ्यात अर्धी मंडळी उत्तरेकडच्या सरोवरांकाठी असते, बाक रिकामे दिसतात आणि गाण्याचा आवाज पातळ होतो. त्या पातळ आवाजाने मला काळजी वाटते. दरवर्षी तो किंचित अधिक पातळ होत आहे.

सप्टेंबरात अभ्यासवर्ग पुन्हा भरले तेव्हा भारताविषयी एक रविवार मी बोलावे, असे सुचवण्यात आले. भाकरीवरचे बोलणे कोणाच्या तरी लक्षात राहिले होते. मी तयारीला बसले आणि मला योहान ख्रिश्चन फ्रेडरिक हायर सापडले. अमेरिकेतल्या लुथरनांनी परदेशी पाठवलेले हे पहिले मिशनरी 1842 मध्ये आंध्रातल्या गुंटूरला पोहोचले, आणि भारतातून परतल्यावर 1857 मध्ये ते आले ते थेट मिनेसोटात. 1860 मध्ये येथल्या लुथरन मंडळ्यांची सिनड, म्हणजे त्यांचा संघ, स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते. पुढे 1869 मध्ये, पंचाहत्तरी उलटल्यावर, राजमहेंद्रीचे काम बंद पडू नये म्हणून ते पुन्हा भारतात गेले. गुंटूर आणि सेंट पॉल या दोन गावांना एकाच माणसाने आपल्या म्हातारपणी शिवून ठेवले होते, आणि माझ्या मंडळीतल्या कोणाला ते नाव माहीत नव्हते. त्याआधीच्या, तामिळ किनाऱ्यावरच्या त्रांकेबारविषयीही मी बोलले, जेथे 1706 मध्ये जर्मन लुथरन मिशनरी त्सीगेनबाल्ग उतरले. आणि मग, टाळणे योग्य नव्हते म्हणून, हेही सांगितले, की त्या तामिळ मंडळ्यांत उच्च मानलेल्या जातींची आणि दलितांची बसण्याची जागा दीर्घकाळ वेगळी राहिली. देवळात येऊनही माणसे चटयांच्या दोन बाजूंना बसत राहिली. तेव्हा पणजीची ओंजळ मी प्रथमच त्या खोलीत सांगितली, माझी आजी करून दाखवी तशी करूनही दाखवली. बराच वेळ कोणी बोलले नाही. या वेळी ते मौन मला टोचले नाही.

ऑक्टोबरात गोधड्यांचा रविवार असतो. वर्षभर दर मंगळवारी सकाळी तळघरात दहा-बारा बायका, आणि हल्ली दोन निवृत्त पुरुषही, लुथरन वर्ल्ड रिलीफसाठी गोधड्या करतात. ही संस्था 1945 मध्ये, युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपात मदत पाठवण्यासाठी निघाली. आता त्या गोधड्या जगात जेथे माणसे घर सोडून पळत आहेत तेथे जातात. माप ठरलेले, 60 इंच रुंद आणि 80 इंच लांब. जुने पडदे, चादरी, शर्ट, उरलेले तुकडे जोडून वरचा थर करतात, मध्ये काहीतरी ऊबदार, खाली एक अखंड कापड, आणि तिन्ही थर जाड दोऱ्याच्या गाठींनी बांधतात. आमच्याकडच्या वाकळीसारखा धावदोरा ते घालीत नाहीत. पहिल्या वर्षी मी धावदोरा घालू लागले तेव्हा एका बाईंनी पाच मिनिटे पाहिले, मग आपली सुई खाली ठेवून मला म्हणाल्या, ही एक अशीच होऊ दे. त्यानंतर दरवर्षी एक गोधडी माझ्या पद्धतीने होते. तिच्यात माझ्या आईच्या एका जुन्या इरकली लुगड्याचे काठ गेले आहेत. त्या रविवारी सगळ्या गोधड्या बाकांच्या पाठींवर पसरतात आणि आम्ही त्यांच्यावर टेकून बसतो. उपासनाभर पाठीला ऊब लागते. ज्यांच्या पाठीला ती पुढे लागणार त्यांची नावे आपल्याला कधीच कळणार नाहीत, हा विचार दरवेळी माझ्या मनात येतो आणि दरवेळी मी इरकली काठाची गोधडी कोणत्या बाकावर आहे ते शोधते.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी वेदीला लाल वस्त्र चढते, शेहेचाळिसाव्या स्तोत्रावरचे ल्यूथरचे गीत एवढ्या जोरात गातात की खिडक्या थरथरतात, आणि दृढीकरणाची मुले पांढऱ्या झग्यांत उभी राहतात. पुढच्या रविवारी वर्षभरात गेलेल्यांची नावे वाचून प्रत्येक नावाला घंटेचा एक टोला देतात. त्या वर्षी सुकडीविषयी विचारणाऱ्या शेतकऱ्यांच्या नावाला टोला होता.

नोव्हेंबरात लेफ्सेचा शनिवार आला. लेफ्से ही नॉर्वेहून आलेल्यांची बटाट्याची पोळी. उकडलेले बटाटे बारीक गाळून त्यात लोणी, साय, मीठ घालायचे, गार झाल्यावर मैदा मिसळायचा, कापड ताणलेल्या गोल पाटावर खाचांच्या लाटण्याने इतकी पातळ लाटायची की खालचे कापड दिसावे, आणि लांब चपट्या काठीने उचलून मोठ्या सपाट तव्यावर टाकायची. तपकिरी ठिपके पडले की उलटायची आणि फडक्याखाली रचत जायचे. माझा हात त्या लाटण्यावर पहिल्या दिवसापासून बसला आणि म्हणून मला दरवर्षी पाटावरच बसवतात. आजी तव्याशी होत्या. दुपारी तीनच्या सुमारास, फडके झाडता झाडता, त्या एकदम म्हणाल्या, “लेंटमध्ये तू मला तुझ्या भाषेत प्याला दिलास.” माझे लाटणे थांबले. त्यांनी सांगितले, की त्यांची आजी नॉर्वेजियनच बोलत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात येथे परकी भाषांकडे संशयाने पाहिले जाऊ लागले, तेव्हा बाहेर तिने ती बोलणे सोडले. परंतु येशूच्या नावाने आम्ही पानावर बसतो, ही जेवणाआधीची प्रार्थना ती अखेरपर्यंत त्याच भाषेत म्हणे आणि घरातले कोणी तिला मध्येच काही विचारीत नसे. “मला वाटले, ते तुझे आणि देवाचे बोलणे असेल,” त्या म्हणाल्या. “त्यात मध्येच कसे विचारायचे?” मग त्यांनी काठी तव्यावर सरकवली, कारण लेफ्से करपू लागली होती.

आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळाआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या मेणबत्तीला आजी आल्या नाहीत. जिन्यात पाय घसरून त्यांचे खुब्याचे हाड मोडले होते. तिसऱ्या आठवड्यात पाळकबाईंनी त्यांच्याकडे प्रभुभोजन न्यायचे ठरवले आणि मला बरोबर बोलावले. प्रवासातल्या प्रभुभोजनाची एक लहान काळी पेटी असते; आत मखमलीच्या खाचांत बाटली, डबी आणि चार इवलेसे पेले. खिडकीबाहेर बर्फ भुरभुरत होता, खोलीत औषधाचा आणि संत्र्याच्या सालीचा वास होता. पाळकबाईंनी बिछान्याशेजारच्या टेबलावर रुमाल पसरला, एक पेला भरला, शब्द म्हटले, भाकर दिली आणि पेला माझ्या हाती दिला. मी इंग्रजीत सुरुवात केली तेव्हा आजींनी हात वर केला. “त्या दिवशीसारखे म्हण.”

मी म्हटले. त्यांनी पेला रिकामा करून रुमालावर ठेवला आणि, प्रश्नोत्तरावलीच्या वर्गात बसलेल्या मुलीच्या स्वरात, विचारले, “याचा अर्थ काय?”

ओतलेले म्हणजे काय ते सांगायला लागलेच नाही, ओंजळ त्यांनी सप्टेंबरात पाहिलेली होती. दुसऱ्या शब्दाविषयी मी सांगितले, की वडीलधारे माणूस एकटे असले तरी आम्ही त्याला हाच शब्द वापरतो, आणि माणसे पुष्कळ असली तरी हाच. आजी जरा वेळ पेटीकडे पाहत राहिल्या. मग पाळकबाईंना म्हणाल्या, “अजून तीन पेले आहेत ना तेथे?” पाळकबाईंनी आणखी दोन पेले भरले. भाकरीचा तुकडा माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी पेला पुढे केला, इंग्रजी वाक्य म्हणायला सुरुवात केली, थांबल्या, आणि एकेक अक्षर जुळवीत, ‘च’ आणि ‘ठ’ दोन्ही चुकवीत, म्हणाल्या, “तुमच्यासाठी.” त्या माझ्याहून चार वर्षांनी लहान आहेत आणि आम्ही दोघी जवळच्या मैत्रिणी आहोत, मराठीत त्यांनी मला ‘तुझ्यासाठी’ म्हणायला हवे होते. मी ते दुरुस्त केले नाही. आजींनी मला कॉफी ठेवायला सांगितले आणि फ्रीजरच्या वरच्या खणात नोव्हेंबरातली लेफ्से आहे, तिघींना पुरेल, म्हणाल्या.